गॅलरीतले आठ मीटर

सदतीस नंबर तिसऱ्यांदा आला नाही.

मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये स्टॉपवॉच घेऊन उभी होते. लादीवर बरोबर आठ मीटर अंतर ठेवून दोन पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या. वेळ दहाची दिली होती, साडेअकरा होऊन गेले. आमच्या प्रोजेक्टच्या प्रमुख डॉ. कर्णिक ओपीडीतून वॉर्डकडे जाता जाता थांबल्या.

"आला?"

"नाही मॅडम."

"असे किती झाले?"

"याला धरून अकरा."

त्या वॉर्डकडे निघून गेल्या. पुढच्या महिन्यात प्रोजेक्टचा सरकारी रिव्ह्यू होता. रिव्ह्यूला पहिला प्रश्न हाच येणार, हे दोघींनाही माहीत होतं.

थोडं मागचं सांगते. मी फिजिओथेरपिस्ट. परळच्या एका सार्वजनिक हॉस्पिटलात बावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची काही या प्रोजेक्टची कोऑर्डिनेटर म्हणून. आजार होता अटॅक्सिया. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. आपला तोल, पावलांचा ताल, बोलण्याची लय तो सांभाळतो. या आजारात तो हळूहळू झिजत जातो. माणूस चालताना झोकांड्या खातो, पाय फाकवून टाकतो, बोलणं जड होतं. बुद्धी मात्र शाबूत राहते. आमच्या प्रोजेक्टमध्ये यातला आनुवंशिक प्रकार होता. आईबापांपैकी एकाला असला, तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी.

औषध नाही. मग संशोधन कसलं, असं मला सगळे विचारायचे. त्याचं उत्तर असं, की उद्या कोणी औषध आणलं तर ते लागू पडतंय हे कळणार कशावरून? औषधाशिवाय आजार वर्षाला किती पुढे सरकतो, हे आधी मोजून ठेवलेलं हवं. म्हणून दरवर्षी ठरावीक महिन्यात पेशंटला बोलवायचं, आठ मीटर चालायला लावायचं, सेकंद लिहायचे. बाकीही तपासण्या असतात, पण गाभा हा.

हा आजार विरळा. एका देशात पुरेसे पेशंट मिळत नाहीत. म्हणून युरोपातला एक छोटा देश आणि आपण, असा जोडप्रकल्प होता. आपल्या बाजूचा खर्च आपलं सरकार करणार, त्यांच्या बाजूचा त्यांचं. इकडचा पैसा तिकडे जात नाही, तिकडचा इकडे येत नाही. पण एका बाजूने हात काढला की दुसरीकडचंही काम थांबतं. कावडीच्या दोन घागरी असतात तसं. आणि करारात लिहिलेलं होतं की पेशंट ठरावीक प्रमाणाबाहेर गळाले, तर मुदतवाढ नाही.

मुदतवाढ नाही म्हणजे मोजणी मध्येच तुटणार. दोन वर्षांच्या सेकंदांना तिसऱ्या वर्षाशिवाय फारसा अर्थ नव्हता.

सदतीस नंबर म्हणजे विलास परब, वय चव्वेचाळीस, राहणार घोडपदेव. संशोधनाच्या कागदांवर नाव लिहायचं नसतं, म्हणून नंबर. विलास परब हे नावही खरं नाही. हे लिहायची परवानगी मागितली तेव्हा त्यांनीच सुचवलं. "गावच्या शेजाऱ्याचं नाव आहे, त्याचं नाव तरी छापून येऊ दे," म्हणाले.

मी फोन लावला. बायकोने घेतला.

"वहिनी, आज परब यायचे होते."

"येनार नाय ते."

"बरं नाही का?"

"बरं कधी असतं? येनार नाय म्हणजे नाय. नाव काढून टाका तुमच्या वहीतून."

"मी घरी आले तर चालेल? फक्त बोलायला."

 मग, "तिसरा माळा आहे. लिफ्ट नाय," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. ही मी परवानगी समजले.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सीने काळाचौकीवरून घोडपदेवला गेले. चाळीचा जिना अरुंद, पायऱ्यांच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. मी स्वतः कठडा धरून चढले. दुसऱ्या माळ्यावर श्वास घ्यायला थांबले तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं, की आम्ही ज्या माणसाला 'आला नाही' असं लिहितो, तो हॉस्पिटलात पोचण्याआधी ही परीक्षा देतो. आणि तिचे सेकंद कोणी लिहीत नाही.

दार उघडंच होतं. सुलभावहिनी मशीनवर ब्लाउज शिवत होत्या. मला बघून आत वळून म्हणाल्या, "अवो, ती हॉस्पिटलातली बाई इली हा."

विलास परब खाटेच्या कडेला बसले होते. उठायला गेले, मी नको म्हणाले. तरी भिंत धरून उठलेच.

"बसा ना मॅडम. चहा टाक गो."

मी सरळ विचारलं. "का येत नाही तुम्ही?"

ते बोलायला वेळ घ्यायचे. शब्द तोंडात फुगल्यासारखे यायचे. पण वाक्य पुरं करायचे.

"मागच्या वेळी तुमच्याकडून सुटलो. बसस्टॉपला आलो. बसमध्ये चढताना तोल गेला. कंडक्टर बोलला, उतर खाली, पिऊन चढायचं नाय. मी बोललो, आजार आहे. पण माझं बोलणं हे असं. तो म्हणाला, ऐकलं का, जीभ पण वळत नाय. उतरवलं. खाली पडलो. कोणीतरी मोबाइलवर काढलं."

"व्हिडिओ?"

"आमच्या मंडळाच्या ग्रुपवर आला. हसण्याच्या चित्रांसकट. मी त्या मंडळाचा सात वर्षं सेक्रेटरी होतो."

वहिनींनी मशीन थांबवलं. "पोरीने पयला बघितला. तिच्या मोबाइलवर. दहावीला आहे ती."

विलास परब लोअर परळला एका गाळ्यातल्या छापखान्यात ऑफसेट मशीन चालवायचे. पाय अडखळायला लागल्यावर सुपरवायझरने तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. तरी काढलं. हे सगळं मला आधी माहीत नव्हतं. आमच्या फॉर्मवर 'व्यवसाय : सध्या बेकार' एवढंच होतं.

"मी आयुष्यात थेंब घेतला नाय मॅडम," ते म्हणाले. "बापामुळे. बाप गिरणीत, साचेखात्यात होता. गिरणी बंद पडल्यावर पिऊन पिऊन मेला. गॅलरीत पडायचा, जिन्यात पडायचा. शाळेतून येताना मी बघायचो आणि दुसऱ्या जिन्याने वर जायचो."

"हो, तुम्ही सांगितलं होतं," मी म्हणाले. मला आठवत होतं, कारण तो फॉर्म मीच भरला होता. वडील : मयत. कारण : दारू. कुटुंबात आजार : नाही.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा. मला हा आजार आईबापाकडून आला ना? डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दाखवून सांगितलं. आई तर सत्तरीपर्यंत गिरगावच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. धडधाकट. मग आला कुठून?"

उत्तर त्यांनीच दिलं. 

"बाप पीत नव्हता मॅडम. म्हणजे घेत असेल सणावाराला, सगळे घ्यायचे. पण दारूने नाय पडला तो. त्या व्हिडिओत मी मला बघितलं ना, तेव्हा कळलं. हुबेहूब तो. मी त्याला वीस वर्षं शिव्या घातल्यात. शेवटी पाणी पाजायला पण गेलो नाय."

चहा आला. कोणी प्यायला नाही.

मला माझ्या फॉर्मची लाज वाटली. जीनचा रिपोर्ट एका फाइलमध्ये, कुटुंबाचा इतिहास दुसऱ्या फाइलमध्ये. दोन्ही समोरासमोर ठेवले असते तर शाळकरी पोरालाही दिसलं असतं की यातलं एक खोटं आहे. दोन वर्षं कोणी ठेवले नाहीत. मीही नाही.

"मी ते दुरुस्त करते," मी म्हणाले.

"करा. आणि काय ते चालायचं, ते इथेच मोजा. गॅलरीत. तुमचा कॉरिडॉर लादीचा, आमची गॅलरी पण लादीची."

आता इथे नियम सांगायला हवा. संशोधनात काय, कुठे, कसं करायचं हे आधी लिहून मंजूर झालेलं असतं. त्याला प्रोटोकॉल म्हणतात. त्यात मोजणी हॉस्पिटलातच करायची असं होतं. बाहेर केली तर ते डेव्हिएशन, म्हणजे नियमभंग. त्याची नोंद करून एथिक्स कमिटीला कळवावं लागतं. ही कमिटी पेशंटच्या हिताची राखण करते आणि वाटलं तर काम थांबवू शकते.

मला हे सगळं पाठ होतं. तरी मी वहिनींकडे शिवणाची टेप मागितली.

टेप दीड मीटरची. पाच वेळा पूर्ण आणि सहाव्यांदा अर्धा मीटर. खडूने दोन रेघा मारल्या. मधे शेजाऱ्यांचा पाण्याचा ड्रम आणि चपलांचं स्टँड होतं, ते बाजूला केलं. आवाजाने चार दारं उघडली. समोरच्या खोलीतल्या काकी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय चाललंय? याला कशाला चालवताय? पडेल तो. त्याचं रोजचं आहे."

मी विलास परबांकडे पाहिलं. "तुमच्या परवानगीशिवाय मला काही सांगता येत नाही."

"दिली परवानगी. लेखी पायजे का?"

मग मी सांगितलं. मेंदूचा आजार आहे, दारूचा संबंध नाही, साधारण असा असतो, असा वाढतो. दोन मिनिटं बोलले असेन.  काकींनी खाली वाकून स्वतःची बादलीही उचलून आत नेली.

ते चालले. पहिल्या फेरीत एकदा कठड्याला हात लावला, ती फेरी बाद. परत केली. मी मागून हातभर अंतरावर, पडले तर धरायला. दोन फेऱ्या नीट झाल्या. वेळ लिहिली. गेल्या वर्षीपेक्षा बरीच जास्त होती. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "पोरीचं काय हो?"

"अठराच्या आधी तपासणी करत नाहीत. नंतरही करायची की नाही ते तिने ठरवायचं. तुम्ही नाही, आम्हीही नाही."

"म्हंजे तोवर तुमचं कायतरी औषध येईल?"

"माहीत नाही, वहिनी."

खरं तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या.

हॉस्पिटलात परत येऊन डॉ. कर्णिकांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्हाला प्रोटोकॉल माहीत नाही का?"

"माहीत आहे."

"रिव्ह्यूच्या तोंडावर डेव्हिएशन! दिल्लीहून माणूस येतोय. पार्टनर स्क्रीनवर असणार. काय सांगू मी, आमची कोऑर्डिनेटर चाळीत जाऊन टेप लावून आली?"

 त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, वेळ वाचली. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "ते काल इथे आले होते असं लिहिलं तर?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या खिडकीकडे बघत होत्या.

"नको," त्याच म्हणाल्या. "विसरा मी काय बोलले ते. नोंद करा. जे झालं ते, जसं झालं तसं."

मी केली. चौथ्या दिवशी एथिक्स कमिटीचं पत्र आलं. घरभेटी तूर्त बंद. सदतीस नंबरचं मोजमाप धरायचं नाही. कोऑर्डिनेटरला समज द्यावी. डॉ. कर्णिकांनी मला समज दिली. म्हणजे पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "आता त्या बाकीच्या दहा जणांना फोन करा. या म्हणू नका. का येत नाही ते विचारा. जेवढं सांगतील तेवढं लिहून घ्या."

दोन दिवस फोन केले. दादरच्या एका बाईंना टॅक्सीवाले घेत नव्हते, गाडीत उलटी करतील म्हणून. एकाला मॉलच्या गार्डने दंडाला धरून बाहेर काढलं होतं. गिरगावचे एक निवृत्त हेडक्लार्क, त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. हॉस्पिटलात कोणी बघितलं तर चौकशा होतील म्हणून येत नव्हते. दोघांचा फोन लागला नाही. एक वारले होते, आणि आम्हाला पत्ता नव्हता. उरलेल्यांच्या गोष्टी थोड्याफार अशाच. आम्ही समजत होतो की लोकांना कंटाळा आला.

दर महिन्याला पार्टनरबरोबर व्हिडिओ कॉल असे. तिकडची कोऑर्डिनेटर मार्टा. माझ्याच वयाची, नर्स होती पूर्वी. आकड्यांच्या बाबतीत अतिशय कडक. एक रकाना रिकामा राहिला तरी मेल यायचा. मला तिची जरा भीतीच वाटे.

मी माझ्या इंग्रजीत सगळं सांगितलं. गॅलरी, टेप, डेव्हिएशन, दहा फोन. ती ऐकत होती.  मला वाटलं, आता हिचा मेल थेट त्यांच्या मंत्रालयात जाणार.

मग ती म्हणाली, "आमच्याकडे पोलीस थांबवतात. नळीत फुंकायला लावतात. काही निघत नाही, तेव्हा म्हणतात, मग गोळ्या घेतल्या असशील."

मी विचारलं, "तुमचे किती गळाले?"

"तुमच्याइतकेच. डोंगरातल्या गावांतले आहेत. यायला अर्धा दिवस लागतो. आम्ही त्यांच्यापुढे 'संपर्क तुटला' लिहितो." मग म्हणाली, "मी कोणाला फोन केला नाही."

त्या कॉलनंतर दोन्ही बाजूंनी मिळून एक कागद तयार केला. पंधरवडा लागला. मुद्दा साधा होता. घरी जाऊन मोजायची परवानगी द्या. पण घरचं मोजमाप आणि हॉस्पिटलचं मोजमाप एकमेकांशी जुळतं का, हे आधी तपासू. जे पेशंट येऊ शकतात, त्यांना एकाच आठवड्यात दोन्हीकडे चालवू. फरक फार आला तर घरभेटी सोडून देऊ. आणि हे दोन्ही देशांत एकाच पद्धतीने.

रिव्ह्यूला दिल्लीहून मल्होत्रा नावाचे अधिकारी आले. नीटनेटके, कमी बोलणारे. कॉन्फरन्स रूममध्ये स्क्रीनवर मार्टा आणि तिचे साहेब. डॉ. कर्णिकांनी गळतीचा आकडा पहिल्याच स्लाइडवर टाकला. लपवायचं काही उरलं नव्हतं.

मल्होत्रा म्हणाले, "घर जाकर मापेंगे तो क्वालिटी गिरेगी. गॅलरी में ढलान होगी, भीड़ होगी. इंटरनॅशनल प्रोजेक्ट है ये."

डॉ. कर्णिकांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले आणि माझ्या इंग्रजीत म्हणाले,

"सर, आत्ता जे येतात ते कोण आहेत? ज्यांचा आजार कमी आहे, किंवा ज्यांच्याकडे गाडी आहे. आपण फक्त त्यांनाच मोजलं, तर आजार आहे त्यापेक्षा हळू वाढतो असं दिसेल. कॉरिडॉर सपाट असेल, पण उत्तर वाकडं येईल."

स्क्रीनवर मार्टाने मान डोलावली. तिचे साहेब तिच्याकडे वळून काहीतरी कुजबुजले.

मल्होत्रांनी कागद उलटले. "ये सब पहली रिपोर्ट में क्यों नहीं लिखा?"

"फॉर्ममध्ये तो रकाना नव्हता, सर."

ते हसले नाहीत. पण त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. मी बघितलं.

निकाल तीन आठवड्यांनी आला. मुदतवाढ मिळाली, दोन वर्षांऐवजी एकच. घरभेटींना तत्त्वतः मान्यता, पण ज्यादा माणूस नाही. आहेत त्यांनीच जायचं. पुढे दोन्ही देशांच्या कमिट्यांतून दुरुस्त प्रोटोकॉल मंजूर होऊन यायला पाच महिने गेले. तोवर विलास परबांची त्या वर्षाची मुदत टळून गेली. संशोधनाच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे, म्हणजे नंबरापुढे, त्या वर्षाचा चौकोन रिकामा आहे. तो आता कायमचा रिकामा.

वडिलांची नोंद मात्र दुरुस्त झाली. जुनी नोंद खोडायची नसते. तिच्यावर एक रेघ मारायची, नवीन लिहायची, सही करायची, तारीख टाकायची. मी ते केलं आणि फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "नीट वाचून दाखवा." मी वाचलं : वडील, बहुधा याच आजाराने बाधित. त्यांनी परत वाचायला लावलं.

घरचं आणि हॉस्पिटलचं मोजमाप जुळवून पाहिलं. फरक होता, पण सांभाळून घेण्याइतका. मार्टाकडेही तसाच. ती स्वतः डोंगरात गाडी घेऊन जायला लागली. तिने त्यांच्याकडच्या पेशंट संघटनेचं एक छोटं कार्ड मला पाठवलं. ओळखपत्राएवढं. मला मेंदूचा आजार आहे, मी दारू प्यायलेलो नाही, मला मदत करा, एवढंच त्यावर. आम्ही ते मराठी आणि हिंदीत केलं, खाली हॉस्पिटलचा शिक्का. डॉ. कर्णिकांनी त्याला हॉस्पिटलची परवानगी मिळवली. दोन सरकारं आणि एवढ्या कमिट्यांमधून पेशंटच्या हातात लगेच पडलेली वस्तू म्हटली तर ती एकच.

विलास परबांना मी ते घरी नेऊन दिलं. ते आता काठीशिवाय चालत नव्हते. कार्ड त्यांनी उलटून पालटून बघितलं.

"मॅडम, हे वाचेपर्यंत कोण थांबतंय?"

"कोणी थांबेल, कोणी नाही."

"पण खिशात बरं वाटतं," ते म्हणाले.

औषध अजून नाही. काही ठिकाणी प्रयत्न चालू आहेत, त्यांनी आमचे आकडे मागवले होते. त्याचं पुढे काय होईल ते मला सांगता येणार नाही. मी आता निवृत्त आहे.

नवीन कोऑर्डिनेटर मुलगी हुशार आहे. चार्ज देताना तिने विचारलं, सगळ्यात महत्त्वाचं काय ते एका वाक्यात सांगा. मी म्हणाले, "'पेशंट आला नाही' असं लिहायचं असेल ना, तर आधी त्याचा जिना चढून ये."

तिने ते लिहून घेतलं. चढते की नाही, ते मी विचारलेलं नाही.